ठमाबाईची हप्तेबंदी

कल्याणच्या बुरूडआळीतल्या ठमाबाईला उपकार केलेल्या माणसांची नावं घ्यायची फार हौस होती. सूप विकायला दारात आली की कामाचं बोलणं दोन वाक्यांत उरकायचं, आणि मग कोणी जरा विचारलं की, "माज्या अडीनडीला देव आला तो मुनसफाच्या कचेरीतनं आला, हातात वारंट घेऊन," अशी तिची सुरुवात व्हायची. ऐकणारी बाई हसायची. ठमाबाई मात्र हसत नसे. तिनं ते सगळं सोसलेलं होतं.

आगगाडी कल्याणात येऊन तीसेक वर्षं झाली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. ठमाबाईचा नवरा धाकू बुरूड. हात असा की मुरबाडकडचा बांबू त्यानं एकदा कोयत्याखाली घेतला की कामट्या कागदासारख्या पातळ निघत. भाताच्या वखारींना लागणारे तट्टे, कणग्या, टोपल्या तो करायचा. सुपं आणि रोवळ्या ठमाबाई विणायची आणि डोक्यावर घेऊन गावभर विकायची. दोघांचं पोट भरून वर सणासुदीला चार आणे शिल्लक राहत. पण धाकूचा स्वभाव भिडस्त. त्याला कुणी काही मागितलं की नाही म्हणताना त्याची जीभ टाळूला चिकटायची.

त्या भिडेपोटीच त्यानं मामेभाऊ काळुरामासाठी अंगठा उठवला. काळुरामाला ठाण्यात बांबूची वखार घालायची होती. पारनाक्यावरच्या भाताच्या व्यापाऱ्याकडून त्यानं पंचेचाळीस रुपये घेतले आणि जामीन म्हणून धाकूला उभं केलं. वखार सहा महिन्यांत बसली. काळुराम एक दिवस घाटातल्या रेल्वेच्या कामावर जातो म्हणून गेला तो गेलाच. पुढं दोन वर्षांनी व्यापारी वारला. त्याची बायको सगुणाबाई गुमास्त्याला हाताशी धरून धंदा बघू लागली. तिनं कर्जाची जुनी खतं बाहेर काढली, फिर्याद लावली आणि व्याज, खर्च धरून सहासष्ट रुपयांचा हुकूमनामा धाकूवर झाला.

सहासष्ट रुपये! धाकू त्या दिवशी कचेरीतून घरी आला तो बाजेवर पालथा पडला.

"ठमे, मना ठाण्याच्या तुरुंगात टाकतील," तो म्हणाला. "किल्ल्यात. तिथनं मानूस भायेर येत नाय."

"कोन बोललं?"

"सगलेच बोलतात."

"मंग सगल्यांनाच इचारू, पैसं कुटनं आनायचं ते," ठमाबाई म्हणाली.

ठाण्याला लागून असलेल्या कोपरीला तिची मावसबहीण शकू राहायची. मिठागरांना टोपल्या पुरवायचं काम ती करी. तिच्याकडून निरोप आला की ठाण्यात जांभळी नाक्याजवळ भाऊ म्हणून एक गृहस्थ आहेत, कर्जात बुडालेल्यांना ते सोडवतात, सावकाराशी बोलून तडजोड करून देतात, आणि गरिबाकडून पैसे घेत नाहीत. शकूच्या शेजाऱ्यानं तिला सांगितलं होतं, तिनं बहिणीला कळवलं. त्यात तिचा हेतू वाईट नव्हता.

धाकू ठाण्याला जायला तयार होईना. तिथं पाय ठेवला की शिपाई धरणार, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मग ठमाबाईच निघाली. गाडीच्या तिकिटाला तीन आणे मोजले, कमरेला दोन रुपये बांधले आणि विचारत विचारत भाऊंच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

भाऊ मोठे गोड माणूस. डोक्याला पगडी, पुढ्यात लाकडी डेस्क, डेस्कावर कागदांचा ढीग. पडवीच्या कडेला चार-पाच माणसं वाट पाहत बसलेली. त्यांनी ठमाबाईचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधेच चुकचुकले. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्यासारखीचं इतकं ऐकून घ्यावं, यानंच तिला भरून आलं.

"बाई, तुझ्या नवऱ्यानं जामीन राहून चूक केली," भाऊ म्हणाले, "पण माणुसकी केली. हप्ते बांधून घेऊ. महिना एक रुपया दिलास तरी पुरे. मोठ्या कोर्टातून हुकूम आणतो."

"आनी तुमचं काय द्यायचं, भाऊ?"

"माझं? छे! मी गरिबाकडून काही घेत नाही. फक्त अर्जाचा खर्च. दोन रुपये."

ठमाबाईनं कमरेचे दोन रुपये सोडून डेस्कावर ठेवले. भाऊंनी घडी घातलेला एक कागद तिच्या हातात दिला. वर सरकारी शिक्का होता, खाली मोडीत काहीतरी लिहिलं होतं. "हा जपून ठेव," ते म्हणाले. तिनं तो घरी नेऊन देवाच्या टोपलीत ठेवला आणि त्या दिवशी दोघं कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली, तर भाऊ म्हणाले, सावकारणीला नोटीस द्यावी लागते, तिचा खर्च अडीच रुपये. अर्जाच्या खर्चात नोटीस धरलेली नसते, हे तुला मी सांगितलं नव्हतं का? नव्हतं सांगितलं, पण तसं म्हणायची ठमाबाईला लाज वाटली. तिनं पैसे दिले. पुढच्या खेपेला मोठ्या कोर्टाच्या कारकुनाचे तीन रुपये निघाले. अर्ज त्याच्या पेटीत पडून आहे, तो वर सरकल्याशिवाय साहेबासमोर जायचा नाही. हे पैसे आणायला तिला हातातल्या रुप्याचे गोठ मोडावे लागले. सोनारानं सात रुपये दिले. उरलेल्या चारांतले साडेतीन चौथ्या खेपेला गेले, ते तारीख लावून घेण्याचे. आता तारीख कुठली, असं तिनं विचारलं तेव्हा भाऊ पहिल्यांदा चिडले.

"कोर्टाचं काम म्हणजे सूप विणणं आहे का, की संध्याकाळी तयार? तुला घाई असेल तर दुसरीकडे जा. पण मग झालेला खर्च वाया जाईल, हे तूच बघ."

तेवढ्यानं ती गप्प झाली. आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे पैसे देत राहतो, हे तिला फार पुढं उमगलं. परतताना गाडीत बसल्या बसल्या तिनं हिशेब केला. अकरा रुपये झाले होते, आणि सहासष्टांतली एक पैही कमी झाली नव्हती. हे धाकूला सांगायचं कसं, याच विचारात कल्याण आलं.

त्यानंतर आठवड्याभरात सकाळच्या वेळी बुरूडआळीत बेलीफ आला. मुनसफ कोर्टाचा बेलीफ तानाजी. उंच, हाडकुळा, करड्या मिशांचा माणूस. बरोबर एक शिपाई आणि आळीतलेच दोन पंच. धाकू मागच्या दारानं पळायच्या बेतात होता.

"अरे, पळतोस कुठं?" तानाजीनं ओरडून सांगितलं. "मी तुला धरायला नाही आलो. हे जप्तीचं वारंट आहे, अटकेचं नाही. बस खाली."

धाकू भिंतीला टेकून बसला. तानाजीनं घरभर नजर फिरवली. घरात होतं काय! एक तांब्याचा हंडा, दोन पितळ्या, ठमाबाईच्या डोंबिवलीच्या भावानं दिलेली एक शेळी, उभे करून ठेवलेले बांबू आणि धाकूची हत्यारं. शिपायानं कोयता आणि सुऱ्या उचलायला हात घातला तशी ठमाबाई मधे पडली.

"त्ये नका नेऊ, दादा. त्याच्यावरच पोट हाय."

"ठेव रे ते," तानाजी शिपायाला म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत, बाई. कायदाच आहे तसा. कोयता तुझ्या नवऱ्याचा, तो त्याचाच राहील."

ठमाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सरकारच्या कागदात आपल्या बाजूचंही काही लिहिलेलं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तानाजीनं हंडा आणि शेळी यादीत लिहिली. तेव्हा तिला एकदम आठवलं आणि ती आतून देवाच्या टोपलीतला कागद घेऊन आली.

"दादा, आमचा अर्ज मोठ्या कोर्टात हाय. ह्यो बगा कागद. मंग जप्ती कशी आली?"

तानाजीनं कागद उलगडला. वाचला. पुन्हा वरपासून वाचला. त्याच्या मिशा हलल्या, पण त्यानं हसू आवरलं.

"हा तुला कुणी दिला?"

"ठान्याच्या भाऊंनी. अकरा रुपयं दिलं त्यांना."

"अकरा!" तानाजी उंबऱ्यावरच बसला. "बाई, हे शहापूरच्या कुणाच्या तरी म्हशीच्या लिलावाची नोटीस आहे. चार वर्षांपूर्वीची. यात ना तुझं नाव, ना तुझ्या नवऱ्याचं."

आळीतले पंच हसले. ठमाबाईला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. तिचे नुसते कान तापले. चार महिने त्या म्हशीच्या कागदाला ती रोज हळदकुंकू वाहत होती.

"अकरा रुपयं दिलंस?" धाकूनं कोपऱ्यातून विचारलं. "मना दोन बोललीस."

ठमाबाईनं खाली मान घातली. तानाजीनं पंचांना आणि शिपायाला बाहेर जाऊन बसायला सांगितलं आणि मग तो त्या दोघांशी असं बोलला, जसं कुणी घरचं माणूस बोलतं.

"नीट ऐका. हुकूमनामा झाल्यावर हप्ते हवे असतील तर ते याच कोर्टात मागायचे, कल्याणातच. ठाण्याला जायचं कारण नाही. पण त्याला सावकाराची संमती लागते. सगुणाबाई हो म्हणाली तर मुनसफ साहेब हप्ते बांधून देतील. अर्जाला आठ आण्यांचा स्टँप, आणि लिहिणाराचे चार आणे. झाले बारा आणे. तुम्ही कधी तिला जाऊन विचारलंत?"

"त्या कशाला हो म्हनतील?" ठमाबाई म्हणाली.

"ते मला माहीत नाही. पण विचारण्याआधीच नाही म्हणालेलं मी अजून कुणाला पाहिलं नाही." तो उठला. "हंडा आणि शेळी पंचांसमक्ष तुमच्याच ताब्यात ठेवून जातो. लिलावाला पंधरा दिवस लागतील. तेवढ्यात संमती आणलीत तर काही हलणार नाही. आणि हेही सांगून ठेवतो, मी आज आलो त्याचा एक रुपया तुमच्याच डोक्यावर चढणार आहे. तो मी खिशात घालत नाही, कोर्टात जातो. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

ठमाबाईनं घाईघाईनं पदराची गाठ सोडली आणि उरलेला अर्धा रुपया पुढं केला. तानाजीनं हात मागं घेतला.

"मला पगार आहे, बाई. हे ठेव, अर्जाला लागतील."

तो गेल्यावर धाकूनं कोयता उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाला, "शेठानीनं दोनदा गुमास्ता धाडला व्हता. येऊन भेट म्हनून. मी तुला बोललो नाय."

"का?"

"भ्या वाटलं."

ठमाबाईला राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. तिनं अकरा रुपये लपवले होते, त्यानं निरोप लपवले होते. दोघांची फिट्टंफाट झाली.

दुसऱ्या दिवशी ती सगुणाबाईच्या घराच्या मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. ते अंगण तिच्या सरावाचं होतं. दर वर्षी नव्या भाताच्या वेळी सुपं द्यायला ती याच दाराशी यायची. बुरडिणीनं त्यापुढं यायचं नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि घरच्यांनाही. सगुणाबाई मागच्या ओट्यावर बसून भाताचा नमुना तळहातावर घेऊन चोळत होती. पन्नाशीची बाई, चेहरा करडा, आवाज त्याहून करडा. गावात तिला सगळे टरकून असत.

"सुपं नकोत आत्ता," मान वर न करता ती म्हणाली.

"सुपं नाय आनली, शेठानीबाय. मी धाकू बुरडाची बायको."

सगुणाबाईनं तळहातावरचे दाणे खाली ठेवले.

"बरं झालं आलीस. माझा माणूस दोनदा येऊन गेला. तुमची दोघांची तोंडंसुद्धा दिसली नाहीत. मला वाटलं, बुडवायचेच बेत आहेत. मग काय करायचं मी? कोर्टात गेले."

मग ठमाबाईनं सांगायला सुरुवात केली. काळुरामापासून म्हशीच्या नोटिशीपर्यंत काही लपवलं नाही. धाकूनं निरोप दडवले तेही सांगितलं. सांगता सांगता अकरा रुपयांपाशी आली तशी सगुणाबाई ताडकन उठून उभी राहिली.

"अकरा रुपये त्या मेल्याला दिलेस? माझ्याशी तडजोड करून देतो म्हणून? अगं, माझ्याकडे एक चिटोरा आला नाही! ते अकरा रुपये माझ्या दारात आणून टाकले असतेस तर जप्तीचा खर्च तरी वाचला असता तुझा."

"तुमाला भेटायचं भ्या वाटलं."

"मला?" सगुणाबाई म्हणाली. मग पुन्हा खाली बसली. "हे गेल्यापासून माणसं मला भितात खरी. भ्यायला हवंच. नाहीतर एका बाईचे पैसे कोण परत देतं? पण तू भिऊन दुसऱ्याची भर केलीस, त्याला काय म्हणायचं."

तिनं आतून पाणी आणवलं. ठमाबाईनं ओंजळ धरली, गड्यानं वरून पाणी ओतलं. पाणी पोटात गेल्यावर तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही.

"महिना किती देशील? खरं सांग. उगाच मोठं बोलू नको."

"एक रुपया जमंल, शेठानीबाय. दोन नाय जमायचं."

सगुणाबाईनं विचार केला. "माझ्या वखारीला वर्षाला किती तट्टे आणि टोपल्या लागतात तुला माहीत आहे. आजवर ठाण्याहून आणत होते. यापुढं धाकूकडून घेईन, बाजारभावानं. महिन्याला रुपयाचा माल फेडीत धरीन, त्यावरचे पैसे रोख देईन. आणि एक रुपया तू आणून द्यायचा. झाले दोन. सदुसष्ट फिटेपर्यंत. इथून पुढं व्याज नाही."

ठमाबाईला हे सगळं एकदम उमजलं नाही. तिनं बोटांवर मोजून पाहिलं. मग तिनं विचारलं, "आनखी काय लागंल का? मागनं नाय, आत्ताच सांगा."

सगुणाबाईच्या करड्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

"बरं विचारलंस. अर्जाचा स्टँप आठ आणे, लिहिणावळ चार आणे. बेलिफाचा रुपया सदुसष्टांत धरला आहे. दर खेपेला माझा गुमास्ता पावती देईल, तिचे पैसे नाहीत. याउपर कुणी दमडी जरी मागितली, माझ्या गुमास्त्यानं मागितली तरी, थेट माझ्याकडं ये."

ठमाबाई तिथंच अंगणात वाकली आणि तिनं जमिनीला डोकं टेकवलं. "ऊठ, ऊठ," सगुणाबाई म्हणाली. "आणि त्या ठाण्याच्या माणसाकडून तुझे पैसे परत आण. मला त्याचाच राग जास्त आलाय."

अर्ज दिला. चार दिवसांनी मुनसफ साहेबांनी सगुणाबाईच्या गुमास्त्याला विचारलं, त्यानं संमती सांगितली, आणि घटकाभरात हप्तेबंदीचा हुकूम झाला. कचेरीच्या दारात तानाजी उभा होता. त्यानं नुसती मान हलवली. ज्या कामासाठी ठमाबाई चार महिने ठाण्याच्या खेपा घालत होती ते बारा आण्यांत उरकलं होतं, आणि कचेरी तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती.

मग ती ठाण्याला निघाली. या वेळी पदराला पैसे नव्हते. पाठीला कामट्यांचा भारा होता आणि कमरेला सुरी. गाडीतून उतरून ती कोपरीला गेली आणि शकूला तिनं सगळं सांगितलं. शकूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"माज्यामुलं झालं गो समदं."

"तुज्यामुलं नाय. पन तू माज्यासंगती येशील का?"

दोघी बहिणी सकाळीच भाऊंच्या पडवीसमोर जाऊन बसल्या. आत पाऊल टाकलं नाही. रस्ता सरकारी होता. ठमाबाईनं भारा सोडला आणि टोपली विणायला घेतली. भाऊ बाहेर आले तेव्हा तिनं हात न थांबवता सांगितलं, "माजं अकरा रुपयं द्या. तंवर हितंच बसनार."

भाऊ आधी हसले, मग रागावले, मग शिपायाला बोलावतो म्हणाले. "बोलवा," ठमाबाई म्हणाली. "मी ह्यो म्हशीचा कागद त्येला दाखवते." भाऊंनी शिपायाला बोलावलं नाही.

पडवीत येणारी माणसं थबकून विचारत, बाई, इथं का बसलीस? ठमाबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, आवाज न चढवता. अर्जाचे दोन, नोटिशीचे अडीच, कारकुनाचे तीन, तारखेचे साडेतीन. कागद दाखवायची. एखाद्याला वाचता येत असे, तो म्हशीपर्यंत वाचायचा आणि भाऊंच्या पडवीकडं एकदा बघून चालता व्हायचा. एका म्हाताऱ्यानं आपल्या बंडीतून तसलाच घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का तिनं ओळखला. "आजोबा, ह्यो कोनाला तरी वाचायला द्या. आनी तुमचं कर्ज ज्याचं हाय त्याला एकदा सोता भेटा," एवढंच ती म्हणाली. म्हातारा खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. शकूनं त्याला आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी दिली.

संध्याकाळी दोघी कोपरीला परतल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्या तीन टोपल्या विणून झाल्या होत्या, त्यांतल्या दोन रस्त्यावरच विकल्या गेल्या होत्या, आणि भाऊंच्या पडवीत मात्र कुणी फिरकलं नव्हतं. अखेर भाऊच पायऱ्या उतरून आले. डोक्यावर पगडी नव्हती. उन्हात ते एकदम वयस्कर दिसले.

"सहा आहेत," ते हळूच म्हणाले. "बाकीचे खर्चले. देवाशपथ, आत्ता एवढेच आहेत."

ठमाबाईनं शकूकडं पाहिलं. पाच रुपये म्हणजे तिच्या गोठांचा मोठा वाटा. पण घरी धाकू एकटा होता, सगुणाबाईचे तट्टे व्हायचे होते, आणि हा माणूस उद्या पडवी बंद करून पसार झाला तर सहाही जातील. तिनं सहा रुपये घेतले, नीट वाजवून पाहिले, कामट्या आवरल्या आणि ती उठली.

शकू वाटेत म्हणाली, "पाच बुडालं."

"सहा मिलालं," ठमाबाई म्हणाली.

ते सहा रुपये तिनं तसेच्या तसे सगुणाबाईच्या गुमास्त्याला नेऊन दिले. सहा महिन्यांचा आपल्या वाट्याचा रुपया एकदम भरला, पावती घेतली, आणि ती पावती बेलीफदादांकडून वाचून घेतल्यावरच घरात ठेवली. तानाजीला याचं हसू यायचं. दर महिन्याला ठमाबाई कचेरीच्या पायरीशी उभी. "दादा, ह्यात म्हस नाय ना?" "नाही बाई, म्हैस नाही. एक रुपया रोख, एक रुपयाचा माल, मिळाले."

जवळजवळ तीन वर्षं लागली. एकदा धाकूला हिवताप आला आणि दोन महिने हप्ता चुकला, तेव्हा ठमाबाई स्वतः जाऊन सांगून आली. सगुणाबाईनं दोन शिव्या दिल्या आणि कोयनेलची पुडी दिली. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी गुमास्त्यानं खत बाहेर आणलं. सगुणाबाईनं ते धाकूच्या हातात ठेवलं. धाकू इतका भांबावला की काय करायचं ते त्याला सुचेना.

"फाड की," सगुणाबाई म्हणाली.

"आमच्यानं नाय व्हायचं, शेठानीबाय. त्यात कालुरामाचा बी अंगठा हाय."

मग त्यांनी ते फाडलं नाही. सगुणाबाईनं त्यावर 'फिटले' असं लिहून सही केली. ठमाबाईच्या अंगावर एक लुगडं घातलं आणि म्हणाली, "तट्टे पुढच्या वर्षीही तुमचेच. कर्ज संपलं म्हणून भाव वाढवायचा नाही."

त्या वर्षीच्या वैशाखात तानाजीच्या मुलीचं लग्न निघालं. ठमाबाईला बातमी लागली आणि पंधरा दिवस बुरूडआळीतल्या त्या घरात दुसरं काही चाललं नाही. लग्नाच्या आधल्या दिवशी दोघं नवराबायको तानाजीच्या दारात आली. बैलगाडी भरून. दोन मोठ्या कणग्या, पाच सुपं, रोवळ्या, परड्या, आणि नवरीला न्यायला झाकणाचा एक करंडा. करंड्याच्या कामट्या धाकूनं इतक्या बारीक काढल्या होत्या की आतल्या हळकुंडांचा रंग बाहेरून दिसत होता.

तानाजी बाहेर आला आणि गाडीकडे बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"याचे किती झाले?"

"काय नाय," ठमाबाई म्हणाली.

"असं चालणार नाही. मी सरकारी माणूस आहे. फुकट घेत नाही."

"मंग बाजारभावानं घ्या. पन भाव मी सांगनार."

"सांग."

"चार आनं."

"गाडीभर मालाचे चार आणे?"

"तीन वर्सं तुमी माज्या पावत्या वाचल्या त्येचं वजा केलं," ती म्हणाली. "जास्त नाय, कमी नाय."

तानाजी वाद घालू लागला. आतून त्याची बायको आली, तिनं करंडा हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, देऊन टाका चार आणे. पाहुणे खोळंबलेत." तानाजीनं खिशात हात घातला. ठमाबाईनं पावली घेतली, कपाळाला लावली आणि धाकूला म्हणाली, "कनग्या उतरव, मांडवाच्या कडंला. उनात ठेवू नको."